गजा सबनीसची नसलेली नोकरी

नोकरी नसताना रजेचा अर्ज करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो मंजूर करणारं सरकारही एकच. माणसाचं नाव गजानन सबनीस. पुढे त्याचे केस पिकले, लोक त्याला सबनीससाहेब म्हणायला लागले, तरी मी आपली गजाच म्हणत राहिले. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, आणि तीही लाकडी फळ्यांची. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका आम्हाला यायच्या. अशा माणसाला साहेब म्हणायला माझी जीभ वळत नाही.

गिरगावातली आमची चाळ म्हणजे कारकुनांची चाळ. सकाळी काळे कोट जिना उतरायचे आणि संध्याकाळी दमून चढायचे. गजाचे वडील, म्हणजे त्याचे दादा आणि आमचे सबनीसकाका, फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत टपालाची आवक-जावक बघायचे. एके दिवशी ऑफिसातच, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता गेले. फार वाईट झालं. गजा तेव्हा नुकता मॅट्रिक झालेला, त्याची बहीण शालू शाळेत. काकांचे हेडक्लार्क भेटायला आले, गजाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बापाच्या जागी मुलाला घ्यायचा सरकारचा रिवाज आहे, अर्ज द्या, आठ-पंधरा दिवसांत ऑर्डर निघेल. हल्ली याला अनुकंपा तत्त्व म्हणतात. नाव भारदस्त झालंय, वेग मात्र तोच आहे असं ऐकते.

त्या आठ-पंधरा दिवसांना चार वर्षं लागली.

आणि प्रश्न नुसता नोकरीचा नव्हता. सबनीसकाकूंचे, म्हणजे गजाच्या आईचे भाऊ पेणला राहायचे. मामा मनाने चांगले, पण बोलायला रोखठोक. दर सणाला तांदळाचं पोतं घेऊन लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, पोटभर जेवायचे आणि सुपारी कातरत विचारायचे, मग, कधी निघायचं? पगार नसेल तर मुंबईत राहून करायचंय काय, हा त्यांचा सवाल. काकू पापड लाटत होत्या, मेतकूट विकत होत्या, गजा सकाळी पोरांच्या शिकवण्या घेत होता, पण भावाच्या ओसरीवर वहिनीच्या हाताखाली उरलेलं आयुष्य काढायची काकूंची तयारी नव्हती. तेव्हा सगळं शहर मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून रस्त्यावर उतरलं होतं. आमच्या नाक्यावर सभा, प्रभातफेऱ्या, घोषणा, कधी डोळे चुरचुरवणारा धूर. आणि त्या सगळ्या गर्दीतून वाट काढत गजा निघायचा, मुंबई निदान सबनीसांना तरी मिळावी म्हणून. ऑर्डर आली तर गिरगाव, नाही तर पेण, असा साधा हिशेब होता.

निघायचा म्हणजे कुठे? ऑफिसात. ऑर्डर निघाली का बघायला तो एकदा गेला, तर म्हणाले उद्या या. उद्या गेला, तर म्हणाले उद्या या. असं करता करता तो रोज जायला लागला. रोज जायचंच तर नीट जावं, म्हणून काकांचा काळा कोट अंगात घालायला लागला. काका धिप्पाड आणि गजा म्हणजे नुसती छत्रीची काडी. आधी कोट जिना उतरायचा आणि मागाहून गजा. खिशात काकांची तपकिरीची डबी तशीच होती. गजाला तपकिरीने ठसका लागायचा, पण हेडक्लार्क दिसले की तो अदबीने डबी पुढे करायचा.

ऑफिसात त्याची जागा शिपायाच्या बाकावर. शिपाई धोंडू, लालबागला राहणारा, मालवणकडचा. गजा कंटाळून उठायला लागला की धोंडू म्हणायचा, "बसा ओ गजाभाऊ, सरकार खंय पळान जाता?" मग गजा बसायचा. बसल्या बसल्या पाकिटांवर पत्ते लिही, कुणाला पाणी दे, कुणाला जिना दाखव, अशी कामं अंगावर घ्यायला लागला. बाहेरून येणाऱ्या लोकांना वाटायचं हाच कुणीतरी इथला. महिन्याभरात तर आलेल्या माणसाकडे वर न बघता "उद्या या" म्हणायलाही तो शिकला.

चाळीत त्याचा थाट बघण्यासारखा होता. शनिवारी अर्धा दिवस भरून दुपारी घरी यायचा तो थकलेला. सरकारी सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बनियनवर बसून पायावर पाय टाकायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचा, आज आम्हाला सुट्टी. माझे वडील एका खासगी पेढीत होते, त्यांना असल्या सुट्ट्या कधीच नसायच्या. चपला घालता घालता ते धुसफुसायचे, की हा बेकार माणूस सुट्टी उपभोगतो आणि मी नोकरदार असून उन्हात चाललोय. त्यांचा संताप मला पटायचा.

मग पेणला मामेबहिणीचं लग्न निघालं. सगळे तयार, गजा मात्र अडून बसला. तीन दिवस ऑफिस बुडणार, आणि नेमकी तेव्हाच ऑर्डर निघाली तर लोक काय म्हणतील, न सांगता गायब? म्हणून त्याने रजेचा अर्ज केला. 'बहिणीच्या लग्नाकरिता तीन दिवस किरकोळ रजा मिळावी' असा. धोंडूने तो इतर कागदांत सरकवला आणि हेडक्लार्कांनी त्या ढिगाबरोबर त्यावरही सही ठोकली. रजा मंजूर झाली. नोकरीचा पत्ता नव्हता, पण रजा मंजूर. काकूंनी तो कागद देवापुढे ठेवून साखर वाटली आणि आम्ही फळीच्या अलीकडे हसून हसून लोळलो. पुढे एकदा ताप आला तेव्हा गजाने डॉक्टरच्या सर्टिफिकेटासकट आजारपणाची रजा मागितली. तीही मिळाली.

चाळीत अण्णा म्हणून एक गृहस्थ होते. गोऱ्या साहेबाच्या हाताखाली नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे सरकारचा स्वभाव आपल्याइतका कुणाला कळत नाही अशी त्यांची खात्री. गजाच्या प्रकरणात जे जे म्हणून बिघडलं ते अण्णांच्या सल्ल्याने.

वर्ष उलटल्यावर धोंडूने निरोप आणला की कुटुंबाची परिस्थिती बघायला एक साहेब घरी येणार आहेत. परिस्थिती हलाखीची असेल तरच नोकरी, असा नियम. आता तुम्ही म्हणाल, त्यात तयारी ती काय करायची? हलाखी घरात होतीच, ती जागच्या जागी ठेवायची आणि साहेबाला दाखवायची. पण आमच्या चाळीला पाहुणा येणार म्हटलं की एकच गोष्ट करता यायची. कुणाच्याही मुलीला बघायला मंडळी येणार असली की चाळीतल्या सगळ्या चांगल्या वस्तू त्या एका खोलीत गोळा व्हायच्या. त्या सवयीने सगळ्यांचे हात चालायला लागले. अण्णांनी आरामखुर्ची धाडली. आमच्याकडचा गालिचा गेला, आईच्या माहेरचा, ज्यावर पाय ठेवायची आम्हालाही बंदी होती. कुणाचे पडदे आले, कुणाचं चांदीचं तबक, अत्तरदाणी, आणि वरच्या मजल्यावरून दोघांनी उचलून रेडिओ.

काकूंना एकदा शंका आली. हळूच म्हणाल्या, "अहो, पण आपण गरीब आहोत हे दाखवायचंय ना?"

त्यावर माझी आई म्हणाली, "गरीब आहोत म्हणून काय साहेबाला जमिनीवर बसवायचं? काय म्हणतील ते?"

हे सगळ्यांना पटलं. काकूंनाही पटलं.

साहेब आले. बारीकसे, घामाघूम, बोलायला मऊ. त्यांना आरामखुर्चीत बसवलं, अत्तर लावलं, पंख्याने वारा घातला. काजू-बेदाणे घातलेला शिरा, ओलं खोबरं पेरलेले पोहे, वर मसाल्याचं दूध. शालू परकरातून नुकती साडीत आलेली. तिला बायकांनी सवयीनेच कुणाच्यातरी नव्या सुनेची रेशमी साडी नेसवून, हातात ट्रे देऊन बाहेर पाठवलं. साहेब दचकले आणि घाईघाईने म्हणाले की त्यांचं लग्न झालेलं आहे. शिरा त्यांनी दोनदा घेतला. जाताना जिन्यात अण्णांना सांगून गेले, की फार सुखी कुटुंब आहे, बघून बरं वाटलं. अण्णांनी वर येऊन हे मोठ्या अभिमानाने जाहीर केलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. गजा म्हणाला, आता ऑर्डर आलीच समजा.

पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं की साहेबांनी लिहून दिलं होतं, कुटुंब सधन, घरी रेडिओ, नोकरीची निकड दिसत नाही. अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी निदान केलं, की शिऱ्यात काजू जास्त झाले.

गजाने पुन्हा अर्ज केला. पुन्हा तपासणी ठरली, या वेळी साहेब दुसरे. अण्णा हट्टाला पेटले. आता हलाखी अशी दिसली पाहिजे की साहेबाच्या घशाखाली पाणी उतरता कामा नये, असा त्यांचा हुकूम. मागून आणणं तर सोडाच, सबनीसांचं स्वतःचं होतं नव्हतं तेही बाहेर काढलं. स्टोव्ह आणि भांडी आमच्याकडे, अंथरुणं अण्णांकडे, देव पार टोकाच्या खोलीत. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवलं, कारण त्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. खोली इतकी रिकामी झाली की आत बोललं की घुमायचं.

पण साहेब ठरल्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, त्या आठवड्यात नाहीत. सामान परत लावावं तर तेवढ्यात येतील, म्हणून सगळं तसंच. सबनीस कुटुंब चाळभर विखुरलं. काकू आमच्याकडे स्वयंपाक करायच्या, गजा अण्णांकडे झोपायचा आणि सकाळी अण्णांच्या घोरण्याच्या तक्रारी सांगायचा, पूजेसाठी ओलेत्याने गॅलरीच्या टोकापर्यंत जायचा. आणि एका भर दुपारी साहेब उगवले. गजा अर्थातच ऑफिसात, शालू शाळेत, काकू आमच्याकडे दार लोटून पापड भाजत होत्या. साहेबांनी चार उघड्या भिंती बघितल्या आणि गॅलरीत डुलक्या घेत बसलेल्या अण्णांना विचारलं, इथे सबनीस राहतात ना? अण्णा खडबडून जागे झाले. त्यांना वाटलं, हीच ती वेळ. त्यांनी पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि भरल्या गळ्याने म्हणाले, काय उरलंय साहेब तिथे आता, काहीसुद्धा उरलेलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि निघून गेले. सदर कुटुंब जागा सोडून गेले, पत्ता लागत नाही, असा अहवाल गेला आणि प्रकरण बंद झालं.

गजा हेडक्लार्कांसमोर उभा राहून म्हणाला, मी इथेच आहे. ते म्हणाले, ते मला रोज दिसतंय हो सबनीस, पण कागदावर तुम्ही निघून गेलेले आहात, त्याला मी काय करू?

त्या दिवशी मात्र गजाने घरी येऊन कोट खुंटीला अडकवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. काकू त्याला जेवायला हाका मारत होत्या, त्या आम्हाला ऐकू येत होत्या. तो उठला नाही. मला त्याची फार दया आली आणि अण्णांचा असा राग आला की पुढे महिनाभर मी त्यांना वर्तमानपत्र वाचायला दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कोट जिना उतरतोय. नवा अर्ज द्यायला निघाला होता.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात मामा आले आणि या वेळी त्यांनी सुपारी कातरायच्या आधीच विषय काढला. पावसाळ्यात लाँच बंद होते, त्याआधी निघायचं, आता आणखी एक पावसाळा मी ऐकणार नाही. काकूंनी गजाकडे बघितलं, गजाने जमिनीकडे, आणि काकू हो म्हणाल्या. बांधाबांध सुरू झाली. बाहेर नवं राज्य झाल्याची रोषणाई, पेढे, ढोल, लोक ओळख नसताना एकमेकांना मिठ्या मारत होते. मुंबई महाराष्ट्राला मिळाली आणि सबनीस चालले पेणला. सगळ्या गल्लीला आनंद झालेला, आणि आमच्या त्या मजल्यावर कुणाला पेढा गोड लागेना.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गजा कोट घालून गॅलरीत उभा. हातात कागद. मी विचारलं, आता कुठे निघालास? म्हणाला, राजीनामा द्यायला.

मी म्हटलं, "अरे गजा, नोकरीच नाही तर राजीनामा कसला देतोस?"

तो म्हणाला, "रजा घेत होतो तेव्हा नाही विचारलंस." मग कागद खिशात घालत म्हणाला, "न सांगता जाणं बरं दिसत नाही गं. दादांचं नाव आहे तिथे."

पुढचं मला धोंडूने सांगितलं, आणि धोंडू थापा मारणारा नव्हता. त्या दिवशी हेडक्लार्क दाढ काढायला गेलेले. नव्या राज्याबरोबर ऑफिसात साहेबही नवे आलेले, तरुण, उत्साही. गजाने कागद थेट त्यांच्याच हातात दिला. साहेबांनी वाचलं. किती वर्षं येता इथे, असं विचारलं. गजा म्हणाला, चार. साहेबांनी धोंडूला विचारलं, माणूस कसा आहे, दांड्या मारतो का? धोंडू म्हणाला, रजेशिवाय एक दिवस चुकला नाही साहेब. यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग साहेबांनी गजाला चांगलंच फैलावर घेतलं. इतक्या वर्षांनी आपलं राज्य झालं, आता कुठे कामाला सुरुवात, आणि तुमच्यासारख्या मराठी माणसाने पळ काढायचा? लाज नाही वाटत? त्यांनी लाल शाईने कागदावर 'नामंजूर' लिहिलं आणि सांगितलं, जा, जागेवर बसा.

गजा गेला आणि बाकावर बसला.

साहेब थोड्या वेळाने बाहेर आले, तर हा बाकावर. टेबल कुठाय तुमचं, म्हणून त्यांनी विचारलं. धोंडूने काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. साहेब म्हणाले, मग तिथे बसा ना. आणि गजा आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या खुर्चीत बसला. पाकिटं समोर होती, पण आधी त्याने कोटाच्या बाहीने सगळं टेबल पुसून काढलं, असं धोंडू सांगायचा आणि स्वतःच डोळे पुसायचा.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क सुजलेला गाल घेऊन आले आणि खुर्चीत गजाला बघून त्यांचा गाल दुखायचा थांबला. साहेबांना खरं सांगावं, की हा माणूस नोकरीतच नाही? मग याच्या रजा कुणी मंजूर केल्या? सह्या सगळ्या त्यांच्याच. त्या भल्या गृहस्थाने स्वतःची मान सोडवण्यासाठी जी धावपळ केली ती पाहण्यासारखी होती म्हणतात. चार वर्षं जी फाईल कुणाला हलत नव्हती ती त्यांनी काखेत मारून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळवली. त्या आठवड्यातच ते धापा टाकत आमचा जिना चढून आले आणि ऑर्डर काकूंच्या हातात ठेवली. मामा तोवर बांधलेल्या गाठोड्यांवर रागाने बसून होते. त्यांनी ऑर्डर वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, उठले, एकेक गाठोडं स्वतःच्या हाताने सोडलं, आणि जेवण झाल्यावर म्हणाले, बरं तर, मी निघतो.

पुढे मी लग्न होऊन दादरला गेले, पण माहेरी येणं-जाणं होतंच. गजाचंही लग्न झालं, मुलगा झाला, रवी. आणि एक गोष्ट मी बघत होते. ऑर्डर हातात पडल्यापासून हा माणूस भलताच भित्रा झाला होता. रस्ता ओलांडायला पोलिसाची वाट बघायचा. पोलीस नसला तर एखाद्या म्हातारीची, आणि तिच्या पलीकडच्या बाजूने चालायचा. बस पूर्ण थांबून कंडक्टर ओरडेपर्यंत उतरायचा नाही. प्यायला उकळलेलं पाणी, तळणाला रामराम, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर. विसर्जनाच्या गर्दीत कधी गेला नाही, गणपतीला गॅलरीतूनच हात जोडायचा. ऑफिसात डबा उघडायच्या आधी तर डोळे मिटून जरा वेळ बसायचा आणि मग एकदम झाकण काढायचा. त्याची बायको मीना मला म्हणायची, ताई, ह्यांना मरणाची फार भीती हो. मी त्याला तोंडावर चिडवायची, की गजा, अमर व्हायला निघालास की काय? तो म्हणायचा, नाही गं, अठ्ठावन्नपर्यंत पुरे. मला वाटायचं, आणखी एक खूळ, याच्याकडे काय कमी खुळं होती.

मी त्याला शेवटचा पाहिला तो ठाकूरद्वारच्या नाक्यावर. माहेरी आले होते, खाली उतरून भाजी घेत होते. संध्याकाळची वाहनं धो धो चाललेली. पलीकडच्या फुटपाथवर गजा. गळ्यात हार, खांद्यावर शाल, काखेत नारळ. त्याचा निवृत्तीचा दिवस होता. त्याने मला पाहिलं, हात वर केला आणि सरळ रस्त्यात पाऊल टाकलं. बस करकचून थांबली, टॅक्सीवाल्याने त्याच्या सात पिढ्या काढल्या. गजाने हारासकट वाकून त्याला नमस्कार केला आणि रमतगमत माझ्यापर्यंत आला. हातात अर्धा खाल्लेला बटाटेवडा, हनुवटीवर चटणी.

मी त्याला भाजीवाल्यांसमोरच झापला. म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? आत्ता मेला असतास."

"आता चालेल," तो म्हणाला. तोंडातला घास गिळून त्याने घड्याळ बघितलं. "साडेपाचला सुटलो, नलू. आता मेलो तरी माझ्या रवीला त्या बाकावर बसावं लागणार नाही."

एवढी वर्षं शेजारी काढून मला हे कळलं नव्हतं. माझा चेहरा बघून त्याला वाटलं असावं मला भूक लागली आहे. थांब, तुलापण आणतो, गरम आहेत, असं म्हणत तो वळला आणि डावीकडे न बघता, उजवीकडे न बघता, पुन्हा त्या रस्त्यात घुसला.